सातबारा तुमच्या नावावर, नकाशात मात्र बगीचा! डीपीतलं 'आरक्षण' म्हणजे नेमकं काय, जमीन जाते कधी अन् सुटते कशी? वाचा सविस्तर

तालुक्याच्या गावाची नगरपंचायत झाली की पहिली दोन-तीन वर्षं फारसा फरक जाणवत नाही. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष येतो, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी. घरपट्टी वाढते, कचऱ्याची घंटागाडी फिरायला लागते. आणि मग एक दिवस व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रंगीत नकाशा येऊन पडतो. पिवळा, हिरवा, निळा, मधे मधे जाड रेघांचे चौकोन आणि त्यावर आकडे. माणसं झूम करून करून आपापला गट शोधायला लागतात. कुणाच्या सोयाबीनच्या रानात भाजी मंडई, कुणाच्या विहिरीवरून अठरा मीटरचा रस्ता, कुणाच्या वस्तीवर क्रीडांगण.

दुसऱ्या दिवशी नगरपंचायतीच्या दारात गर्दी.

"साहेब, आमची जमीन गेली का?"
"गेली नाही काका, आरक्षण पडलंय."
"म्हणजे आमचीच हाय?"
"तुमचीच आहे."
"मग पोरासाठी दोन खोल्या काढू का तिथं?"
"तसं नाही करता येणार."

काका डोकं खाजवत घरी येतात. जमीन आपली, पण बांधता येत नाही. विकायला काढली तर गिऱ्हाईक निम्मा भाव बोलतं. बँक तारण घ्यायला कां कूं करते. आणि नगरपंचायत म्हणते आम्ही अजून घेतलेली नाही, तर पैसे कसले? गंमत म्हणजे कारकून यात एक शब्दही खोटं बोललेला नसतो.

हा घोळ समजून घ्यायचा असेल तर आरक्षण आणि संपादन या दोन गोष्टी आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. गावात बोलताना सगळे दोन्हीला "जमीन गेली" असंच म्हणतात. त्यातूनच निम्मं नुकसान होतं, कारण जमीन गेलीच म्हणून माणूस हातपाय गाळतो आणि मुदती निघून जातात.

नकाशा येतो कुठून?

महाराष्ट्रात १९६६ सालचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून कार्यालयात त्याला एमआरटीपी म्हणतात. या कायद्यानुसार महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीनं आपल्या हद्दीचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, करायचा असतो. पुढच्या वीसेक वर्षांत गाव किती वाढेल, रस्ते कुठून जातील, शाळा, दवाखाना, बाग, मंडई, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, कचरा डेपो कुठं लागेल, हे त्यात ठरवतात.

आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. ही जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, पण ती वाचतं कोण? मग सध्या कोणत्या जमिनीवर काय आहे याचा नकाशा तयार होतो. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, म्हणजे तोच तो व्हॉट्सॲपवर फिरणारा. त्यावर हरकती घेतात, नियोजन समिती सुनावणी घेते, बदल होतात आणि शेवटी सरकार मंजुरी देतं. मंजुरीची अधिसूचना राजपत्रात निघते. त्यात आराखडा कोणत्या तारखेपासून अमलात येणार हेही लिहिलेलं असतं. ही तारीख वहीत लिहून ठेवा. पुढं तिच्यावरच सगळा खेळ आहे.

आणखी एक. नकाशातला नुसता रंग म्हणजे झोन. पिवळा रहिवासी, हिरवा शेती, निळा वाणिज्य असं साधारण असतं. झोनमुळं जमीन कुणी घेत नाही, फक्त तिथं काय बांधता येईल ते ठरतं. आरक्षण म्हणजे जाड रेघेचा चौकोन आणि त्यातला साईट नंबर. त्या नंबरापुढं तक्त्यात लिहिलेलं असतं की ही जागा कशासाठी, किती क्षेत्र आणि ती कुणी संपादित करायची. मोबाईलवरच्या अंधुक फोटोवर विसंबून राहू नका. नगरपंचायतीत किंवा नगररचना कार्यालयात फी भरून आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. सातबारावर शोधून उपयोग नाही. आरक्षणाची नोंद सातबाराच्या इतर हक्कात असेलच असं नाही. त्यामुळं कोरा सातबारा बघून प्लॉट घेतलेले आणि नंतर कपाळाला हात लावलेले लोक प्रत्येक तालुक्यात सापडतील.

ते तीस दिवस

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून हरकती आणि सूचना देण्यासाठी तीस दिवस मिळतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी लढाई हीच. यात वकील लागत नाही, कोर्ट फी लागत नाही. एक अर्ज, सोबत सातबारा, भाग नकाशा, जमल्यास जागेचे फोटो, एवढंच.

पण या तीस दिवसांत गावात होतं काय? कुणीतरी एक मजकूर टाईप करतो, त्याच्या दोनशे झेरॉक्स निघतात, खाली फक्त नाव आणि सही बदलते. "सदर आरक्षण अन्यायकारक असून रद्द करावे." समितीपुढं असे दोनशे कागद आले की ते एका दमात निकाली निघतात. हरकत आपल्या गटापुरती आणि कारणासहित पाहिजे. माझ्या अमुक गटात राहतं घर आहे, नकाशात ती जागा मोकळी दाखवलीय, ही ग्रामपंचायत काळातली घरपट्टीची पावती. किंवा माझी एकूण जमीन एक एकर, त्यातले तीस गुंठे बागेत गेलेत, आणि दोनशे मीटरवर सरकारी जागा पडून आहे, तिचा हा उतारा. किंवा रस्त्याची रेघ विहिरीवरून गेलीय, ती बांधावरून नेली तर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचं सारखं सारखं जाईल. पर्याय दाखवला की समितीला विचार करावा लागतो, कारण त्यांनाही बाग कुठंतरी दाखवायचीच असते.

सुनावणीच्या दिवशी स्वतः जा. शेजारी शेजारी गट असतील तर एकत्र जा, पण अर्ज वेगवेगळे द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. काही ठिकाणी "ठेवा इथं, नंतर शिक्का मारून देतो" म्हणतात. तो नंतर कधी उगवत नाही.

यात आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. आराखडा प्रसिद्ध व्हायच्या आधीच कुठं काय पडणार याची कुणकुण काही लोकांना लागलेली असते. मग गरीब शेतकऱ्याला आरक्षणाची भीती घालून दलाल स्वस्तात साठेखत करून घेतो, आणि पुढं हरकतीत नाहीतर सरकारच्या मंजुरीच्या टप्प्यावर ते आरक्षण सरकतं. सगळीकडं असंच होतं असं म्हणता येणार नाही, पण आरक्षण पडलेल्या जमिनीला अचानक गिऱ्हाईक कसं काय आलं, हा प्रश्न विकणाऱ्यानं स्वतःला एकदा विचारावा.

आरक्षण आहे तोवर काय चालतं?

मालकी तुमचीच राहते. पीक घ्या, खंडानं द्या, वारस लावा, वाटणी करा, विका. शेतीच्या नेहमीच्या कामासाठी विहीर खोदायला या कायद्यात परवानगीतून सूट आहे. बांधकाम किंवा वापरातला बदल मात्र नगरपंचायतीच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आरक्षणाला बाधा येत असेल तर ती परवानगी मिळत नाही. घाईघाईनं चार पत्रे ठोकून शेड उभं केलं की जागा वाचेल असं काहींना वाटतं. ते अनधिकृत ठरतं आणि मोबदल्याच्या वेळी त्याचा उपयोग होण्याऐवजी तापच होतो.

नगरपंचायत जमीन घेते कशी?

कायद्यात तीन वाटा आहेत. पहिली राजीखुशीची. दोघांनी भाव ठरवायचा, पैसे घ्यायचे, खरेदीखत करायचं. दुसरी टीडीआरची, म्हणजे पैशाऐवजी बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो, तो दुसऱ्या बांधकामाला वापरता येतो किंवा बिल्डरला विकता येतो. तिसरी सक्तीची. नगरपंचायत सरकारकडं प्रस्ताव पाठवते, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत भूसंपादन होतं आणि मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं ठरतो. तो कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे.

टीडीआरबद्दल थोडं सावध. पुणे, ठाणे, नाशिकसारख्या शहरात त्याला गिऱ्हाईक आहे, भाव आहे. पण ज्या गावात तीन मजल्याच्या वर इमारतच नाही तिथं जादा बांधकामाचा हक्क विकत घेणार कोण? तालुक्याच्या ठिकाणी टीडीआरचं प्रमाणपत्र पेटीत पडून राहायची शक्यता जास्त. तो मालकाच्या राजीखुशीचा सौदा आहे. "आमच्याकडं निधी नाही, टीडीआरच घ्यावा लागेल" असं कुणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा.

राजीखुशीच्या करारालाही एक अट चिकटलेली असते. संमतीनं भाव ठरवून सही केली की नंतर "भाव कमी मिळाला" म्हणून वाढीव मोबदल्याचा दावा टिकवणं जवळपास अशक्य. म्हणून सही करायच्या आधी आजूबाजूच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांचे आकडे दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा. सक्तीच्या संपादनात भाव काढायची पद्धतही तीच आहे. रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या तीन वर्षांतल्या व्यवहारांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यातला जो जास्त तो धरतात. मुद्रांक वाचवायला गावात खरेदीखतं कमी किमतीची करायची सवय असते. ती सवय संपादनाच्या दिवशी सगळ्या गावाला महागात पडते.

नगरपंचायत झाल्यानं मोबदला कमी होतो तो कसा?

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. २०१३ च्या कायद्यात बाजारभावाला एका आकड्यानं गुणतात, त्याला गुणक म्हणतात. ग्रामीण भागात हा गुणक १ ते २ च्या दरम्यान, शहरी भागात १. गुणून आलेल्या रकमेत घर, विहीर, झाडं यांची किंमत मिळवतात, आणि मग जी बेरीज येईल तेवढीच रक्कम वर दिलासा म्हणून, म्हणजे शंभर टक्के.

समजा वीस गुंठे जमीन आहे, बाजारभाव गुंठ्याला ५० हजार. म्हणजे १० लाख. गाव ग्रामपंचायतीत आहे आणि गुणक २ लागला, तर १० चे २० लाख, त्यावर दिलासा २० लाख, एकूण ४० लाख. तीच जमीन नगरपंचायत हद्दीत, गुणक १. मग १० लाख अधिक दिलासा १० लाख, एकूण २० लाख. माती तीच, बांध तोच, फक्त वेशीवरची पाटी बदलली. आता नगरपंचायत हद्दीत बाजारभावच जास्त असतो त्यामुळं भरपाई होते, असं अधिकारी सांगतात. बाजारपेठेच्या रस्त्याला लागून असलेल्या जमिनीचं ते खरंही असेल. गावापासून तीन किलोमीटरवर, नगरपंचायतीच्या हद्दीत फक्त नकाशानं ओढलेल्या वाडीवस्तीवर मात्र भाव जिराईतचाच राहतो.

या खेरीज बाजारभावावर दरसाल १२ टक्क्यांनी जादा रक्कम मिळते. ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत धरली हे निवाड्यात तपासून घ्यावं. जमिनीचा तुकडा गेल्यामुळं उरलेल्या जमिनीचं नुकसान होत असेल, म्हणजे विहीर एकीकडं आणि रान दुसरीकडं असं झालं असेल, तर त्याचीही भरपाई मागता येते. घराचा अर्धाच भाग जात असेल तर पूर्ण घर घ्या असं म्हणायचा हक्क मालकाला आहे.

मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा

पैशाचं खरं गणित कार्यालयात होत नाही, बांधावर होतं. संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस, नगरपंचायतीचा माणूस आणि संपादन करणाऱ्या अधिकाऱ्याचा माणूस येतो. तिथं जे लिहिलं जाईल त्याचेच पैसे. आंब्याची झाडं किती, त्यातली फळं देणारी किती, विहीर बांधीव की कच्ची, बोअर, जमिनीखालून गेलेली पाईपलाईन, ठिबक, गोठा, कडबाकुट्टीचं शेड. पाईपलाईन जमिनीत पुरलेली असते, ती दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. मोजणीची नोटीस आली की त्या दिवशी लग्न असो की बाजार, घरातलं कुणीतरी कर्तं माणूस शेतात पाहिजेच. फोटो काढून ठेवा. पंचनामा वाचून मगच सही करा आणि काही राहिलं असेल तर सहीच्या खालीच लिहा.

पिकांच्या आणि फळझाडांच्या नोंदी सातबारावर नसतील तर नंतर "झाडं होती" हे सिद्ध करताना दमछाक होते. दरवर्षी ई-पीक पाहणी न करणाऱ्यांनी निदान या एका कारणासाठी ती करावी.

वारसनोंदी हा दुसरा खड्डा. सातबारावर आजोबांचं नाव, खाली आठ वारस, त्यातल्या दोन आत्या मुंबईला, एक चुलता बेपत्ता. निवाडा झाला की पैसे वाटायचे कुणाला यावरून वाद, आणि वाद असला की रक्कम अडकते. नकाशात चौकोन दिसला त्याच महिन्यात तलाठ्याकडं जाऊन वारसफेर करून घेतलेला बरा. बहिणींची नावं टाळून वारस लावायचा मोह काही घरांत होतो. तो नंतर कोर्टात बाहेर येतो आणि सगळ्यांचेच पैसे थांबतात.

निवाड्याची रक्कम मान्य नसेल तर पैसे घेताना "हरकत राखून स्वीकारत आहे" असं लेखी द्यावं आणि वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करावा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. चहाच्या टपरीवर "बघू दिवाळीनंतर" म्हणता म्हणता ही मुदत जाते.

कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये या सगळ्यावर महत्त्वाचा निकाल दिला. तिथं पालिकेनं कायद्यातलं एक कलम दाखवून खासगी जागा ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला होता. न्यायालयानं सांगितलं की नुसता संपादनाचा अधिकार असून भागत नाही. मालकाला नोटीस, त्याचं म्हणणं ऐकणं, कारणासह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, वेळेत प्रक्रिया आणि शेवटी रीतसर ताबा हस्तांतरण, हे सगळं झालं तरच ते कायदेशीर संपादन. राज्यघटनेच्या कलम ३००-अ मध्ये मालमत्तेचा जो हक्क आहे, त्याचा अर्थ हा असा लावला गेला.

दहा वर्षं झाली, नगरपंचायत जमीन घेईना. मग?

आपल्याकडं बहुतेकांची गत हीच आहे. छोट्या नगरपंचायतीचं उत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टी आणि सरकारी अनुदानावर चालतं. कर्मचाऱ्यांचे पगार भागवताना नाकीनऊ येतात, तिथं पंचवीस-तीस आरक्षणांची जमीन विकत घ्यायला पैसे आणायचे कुठून? आराखड्यात रेघ मारायला खर्च नाही, खर्च जमीन घ्यायला आहे. म्हणून रेघा मारल्या जातात आणि तिथंच राहतात. मुलगी लग्नाची होते, म्हातारा अंथरुणाला लागतो, पण आरक्षणातली जमीन ना विकता येते ना बांधता येते.

यावर कायद्यात कलम १२७ आहे. मंजूर आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही आणि संपादनाची अधिसूचनाही निघाली नाही, तर मालक नगरपंचायतीला खरेदी सूचना देऊ शकतो. म्हणजे साध्या भाषेत, घ्यायची तर घ्या, नाहीतर सोडा. सूचना पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपल्याचं मानलं जातं आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुमच्या जमिनीलाही चालतो. ही मुदत आधी कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीनं ती २४ महिने झाली.

'पावलं उचलणं' या शब्दांवरून बरीच भांडणं झाली. सूचना आली की नगरपरिषदा काय करायच्या, सभेत ठराव घ्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र टाकायचं आणि म्हणायचं झाली सुरुवात. सर्वोच्च न्यायालयानं २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सांगितलं की असला कागदी देखावा चालणार नाही, संपादनाची रीतसर अधिसूचना निघाली पाहिजे. पुढं २०१३ मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात हीच गोष्ट पुन्हा पक्की झाली. आपल्यासारख्याच तालुक्याच्या गावातलं ते प्रकरण.

आता यातली मेख. आराखडा दर वीस वर्षांनी सुधारायचा असतो. दहा वर्षं उलटूनही मालक गप्प बसला आणि तेवढ्यात सुधारित आराखडा मंजूर होऊन त्यात तेच आरक्षण पुन्हा आलं, तर? पुणे महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मग दहा वर्षं नव्या आराखड्यापासून मोजायची. म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. उलट सूचना देऊन मुदत संपली आणि आरक्षण एकदा गळून पडलं, तर नव्या आराखड्यात ते पुन्हा डोक्यावर बसवता येत नाही. तेव्हा दहा वर्षं पूर्ण झाली रे झाली की सूचना गेलीच पाहिजे. पण आधी नाही. एक दिवस आधी दिलेली सूचनासुद्धा मुदतपूर्व म्हणून बाजूला पडू शकते. म्हणून वर म्हटलं, राजपत्रातली अमलाची तारीख लिहून ठेवा. आठवत नसेल तर माहिती अधिकारात नगरपंचायतीकडून अधिसूचनेची प्रत मागा, दहा रुपयांचं काम आहे.

सूचनेवर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या, सोबत सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला जोडावा. मालकीचे कागद जोडलेले नसतील तर "सूचना वैध नाही" म्हणायला त्यांना आयतं निमित्त मिळतं. हाती देऊन शिक्का घ्या आणि वर स्पीड पोस्टानंही पाठवा. इथं मात्र वकिलाकडून मसुदा करून घेतलेला बरा.

२४ महिने संपले म्हणून कुणी घरी येऊन आरक्षण सुटल्याचं सांगत नाही. आरक्षण व्यपगत झाल्याचा आदेश सरकारनं राजपत्रात काढायचा असतो, आणि तो निघेपर्यंत नगरपंचायत बांधकाम परवानगी द्यायला तयार नसते. त्यासाठी नगरविकास विभागाकडं पाठपुरावा, नाहीतर उच्च न्यायालयात याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, आपल्या जिल्ह्याला जे लागू असेल तिथं. खर्च आहे, पण एकाच आरक्षणात चार-पाच शेतकरी असतील तर तो वाटून घेता येतो.

दहा वर्षं थांबणं शक्य नसेल तर कलम ४९ आहे. आरक्षणामुळं परवानगी नाकारली आणि जमिनीचा काहीच उपयोग होईना, किंवा आरक्षणामुळं ती पडत्या भावातच विकावी लागतेय, असं दाखवता आलं तर सरकारला खरेदी सूचना देता येते. सरकारनं सहा महिन्यांत निर्णय दिला नाही तर सूचना मंजूर झाल्याचं मानतात, आणि त्यानंतर वर्षभरात संपादनाचा प्रस्ताव गेला पाहिजे. हे कलम गावाकडं फारसं कुणी वापरत नाही. वकिलाला विचारायला हरकत नाही.

रस्ता रुंदीकरण आणि 'आगाऊ ताबा'

डीपीतल्या बागा आणि मैदानं कागदावर पडून राहतात, रस्ते मात्र कधी एका रात्रीत होतात. ठेकेदाराचा जेसीबी येतो, बांध फोडतो, मुरूम पडतो. "गावाचं काम आहे, अडवू नका, पैशाचं नंतर बघू." कधी एखादं संमतीपत्र पुढं करतात, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जमीन विनामोबदला देत आहे. गावासाठी पाच फूट सोडणं वेगळं आणि अर्धा एकर विनामोबदला लिहून देणं वेगळं. देणगी द्यायची असेल तर तीही समजून द्यावी. ताबा देणारा कोणताही कागद असेल तर त्यात क्षेत्र किती, गट कोणता, मोबदला कधी आणि कोणत्या कायद्यानं, हे लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि जमीन आधीच रस्त्यात गेली असेल, वीस-पंचवीस वर्षं झाली असतील, तरी हक्क बुडाला असं समजू नका. हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवा महिलेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली होती, संपादन न करता. सरकारनं कोर्टात सांगितलं की इतकी वर्षं आमचाच कब्जा आहे, म्हणजे जमीन आमची झाली. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं आणि मोबदला द्यायला लावला. रस्ता मात्र तिथंच राहिला. बहुतेक वेळा असंच होतं. म्हणून जेसीबी बांधावर यायच्या आधी मोजणी नकाशा आणि फोटो घरात असलेले बरे, नंतर मूळ बांध कुठं होता हे शेजारीसुद्धा छातीठोक सांगत नाही.

ज्या नगरपंचायतींचे प्रारूप आराखडे सध्या निघत आहेत तिथल्या शेतकऱ्यांनी कार्यालयातल्या सूचना फलकावर आठवड्यातून एकदा नजर टाकावी. फलक बहुधा जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी असतो. तीस दिवस राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मोजले जातात, व्हॉट्सॲपवर नकाशा आला त्या दिवसापासून नाही.